मुकादम पिंडाला शिवला

४ फेब्रु., बुध.
मुकादमानं आज पार बेइज्जती केली. माझ्या अंगणवाडीत सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. चष्मा काढून रजिस्टरवर ठेवला, अन् हा कावळा तो घेऊन थेट चुलीमागं. लेकरं टाळ्या वाजवून राहिली. मॅडम म्हणल्या, "ताई, कावळा पाळतंय का कुणी?" म्हणलं, मी पाळते. पंख मोडून पडलेलं पिल्लू, टाकू का मांजरापुढं? दुसऱ्याच्या कामावर उभा राहून वरडतो म्हणून नाव मुकादम. उडता येत न्हाई, पण चालतो लई तोऱ्यात.
चष्म्याची काडी वाकली व्हती, सरळ करून दिली. सॉरी म्हणले न्हाई.

६ फेब्रु., शुक्र.
सासूबाईंचं जोडवं मुकादमानं मोरीत टाकलं. "घरात कावळा म्हंजे अवदसा. घालव त्याला, न्हाईतर मी चालले लातूरला लेकीकडं." म्हणलं, साडेनवाची एसटी हाय.
(हे मनातल्या मनात. तोंडावर: बरं.)
घालवणार तर न्हाईच.

९ फेब्रु., सोम.
निवृत्तीकाका गेले. माझे चुलतसासरे, भिंतीला भिंत लागून घर. त्यांची लेक सुलू पायाशी बसून, पाणी सुद्धा घेईना. नवऱ्यानं टाकल्यापासून इथंच हाय ती. काकांचं हागणं-मुतणं सगळं तिनंच काढलं. दत्ता, तिचा भाऊ, उमरीहून आला तवा सगळं उरकलं व्हतं.

१२ फेब्रु., गुरु.
दत्ता सुलूला चारचौघांत म्हणला, "दहावा झाला की तू तुझं बघ." ती राहते त्या मागच्या खोलीत त्याला किराणा दुकान टाकायचंय. जाईल कुठं ती? भावकी ऐकून गप. आमचे हे बी गप. जेवताना विचारलं, तोंड कामून शिवलं तुमचं? म्हणले, बहीण-भावातलं हाय, आपण पडू नये.

१८ फेब्रु., दहावा
निघताना मुकादमाला टोपल्याखाली कोंडला, वर पाटा ठेवला. तिथं तमाशा नको. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्या घरीच.
घरामागंच वढा. काठावर पिंड मांडले. बाजूला काकांची आवडती कांदाभजी, चहा, तंबाखूची पुडी.
बारा वाजले. बाभळीवर चार कावळे, पण एक बी खाली उतरंना. दत्ता हात जोडून कबूल करून राहिला: म्हैस इकणार न्हाई. घराला रंग देतो. पोरीचं लगीन थाटात करतो. कावळे ढिम्म. काकांचा जीव कशात अडकलाय हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायला कुणाची जीभ उचलंना.
एक वाजला. मीच वरडले, "दत्ताभाऊ, सुलूचं नाव घ्या की!" हे माझा पदर वढून राहिले. वढा म्हणलं.
दत्ता घामाघूम. शेवटी बापाला हाक मारून म्हणला, "दादा, मागची खोली सुलूला. कायमची."
अन् आला. वरून न्हाई, पायवाटंनं. चालत. मुकादम! एक पंख लोंबत, मान ताठ. पिंडाला चोच मारली, एक भजं उचललं, अन् सगळ्या भावकीसमोर माझ्या मांडीवर येऊन बसला.
कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच. सुलू रडता रडता हसली. दत्ता तेवढा न्हाई. "ह्यो वहिनीचा पाळलेला हाय! ह्यो धरायचा न्हाई!" गुरुजी म्हणले, "शिवला म्हंजे शिवला," अन् पिशवी भरू लागले.
मेल्याहून मेल्यागत झालं मला. पण उठले न्हाई. त्याला भजं पुरतं खाऊ दिलं.

घरी आले तर पाटा बाजूला, टोपलं भिंतीला टेकून ठेवलेलं. सासूबाई शेंगा फोडीत बसलेल्या. विचारलं. "एक वाजत आला, निवृत्तीभावजी उपाशी. सोडला." मान वर केली न्हाई.
चहा करून दिला.

२२ फेब्रु., रवि.
दत्तानं बैठक बसवली, ते बी आमच्याच ओसरीवर. म्हणतो, कावळा वहिनीनं शिकवून पाठवला, तवा दिलेला शब्द रद्द. मी म्हणलं, कावळा माझा, कबूल. शब्द तर तुमच्या तोंडातून आला, तो कुणी शिकवला?
आतून सासूबाई म्हणल्या, "तिला काय इचारतो? मी सोडला. माझ्याशी बोल."
दत्ता उठून गेला. जाणती माणसं म्हणली, पुढच्या रविवारी परत बसू. म्हंजे काहीच ठरलं न्हाई. आमच्या ह्यांनी मात्र पहिल्यांदा तोंड उघडलं, "सुलूचं खरं हाय." लई हळू म्हणले, पण म्हणले.
दुपारी टेम्पो आला. दत्तानं दुकानाचे पत्रे सुलूच्या दारापुढंच उतरवले. मला वाटलं आता ही खचली. तिनं दार उघडलं, गोधडी आणली अन् त्या पत्र्यांवर वाळत घातली.
मी बी आमच्या दोन नेऊन घातल्या.