नमुन्यादाखल माझे नाव

सोमवार, ३ जून
नव्या नोकरीचा पहिलाच दिवस, तरी तक्रार नोंदवणे कर्तव्य आहे: जगात एकही बटण आता चौकोनी उरलेले नाही. सगळ्यांचे कोपरे घासून गोल केलेत, जणू कोणाच्या डोळ्यात जातील. मी आयुष्यभर वेबसाइटी सजवल्या, त्याआधी मेलुकोट्याच्या संस्कृत पाठशाळेत अमरकोश घोकला. तिथे कोपऱ्यांना मान होता. मी बहुधा कोपऱ्यातच उभा असे.

बाकी बंगळुरातल्या मल्लेश्वरमचे हे कार्यालय झकास. खिडकीशी सोनचाफा, दोनदा फिल्टर कॉफी. कंपनी दिवंगतांची श्रद्धांजलीपाने चालवते: हार घातलेला फोटो, खाली लोकांचे जोडलेले हात. प्रमुख चैत्रा, वय एकोणतीस. म्हणाली, उपाध्यसर, आमच्यात तुम्हीच एक गिऱ्हाइकांच्या वयाचे. मी म्हटले, गिऱ्हाईक की माल, ते आधी ठरव. खळखळून हसली.

बुधवार, ५ जून
पाने आता बोलकी हवीत. मृताचे जुने निरोप आत ओतायचे, की पान त्याच्याच धाटणीत, त्याच्याच आवाजात उत्तरे देते. पूर्वी लोक मेल्यावर तरी गप्प बसत.

नमुन्यासाठी कोणीतरी मेलेला हवा होता. आमच्या धंद्यात अशा वेळी स्वतःचेच नाव टाकतात, मीही टाकले. नरसिंह उपाध्य, फोटो, वीस वर्षांचा पत्रव्यवहार, थोडे ध्वनिमुद्रण. ‘पान काढून टाका’ हे बटण हल्लीच्या रिवाजाप्रमाणे दडवले: आत येणाऱ्याला महाद्वार, बाहेर पडणाऱ्याला मांजरापुरती फट. त्यातही वारसाची संमती सक्तीची. चैत्रा म्हणाली, काय दडवलंय हो सर, मलाच सापडेना.

वारस म्हणून शरावतीचे नाव घातले. माझी मुलगी, शिवमोग्ग्यात असते. दोन वर्षे बोलत नाही. तिने आपल्या नाचाची चित्रफीत टाकली होती. मी तिला चारचौघांत ‘कवायत’ म्हटले, तेही श्लोक रचून. तिने मला ब्लॉक केले.

शुक्रवार, ७ जून
नमुना जगाला दिसला. ‘साठवा’ आणि ‘प्रसिद्ध करा’, दोन्ही बटणे सारखीच गोल.

एकशे चाळीस जोडलेले हात! पाठशाळेतला हेगडे, ज्याने माझ्या पन्नाशीला दोन शब्द लिहिले नाहीत, त्याने चौदा ओळी खरडल्यात. चैत्राचा चेहरा उतरला. आत्ताच मुलीला फोन लावा, सर, म्हणाली. मी म्हटले, सोमवारी. मरणोत्तर कीर्ती वाचायला कोणाला मिळते?

शनिवार, ८ जून
शरावतीने लिहिले: अप्पा, चुकलं माझं. मी एक फोन तरी करायला हवा होता.

तीनदा वाचले. तेव्हाच बोलायला हवे होते. आणखी लिहील म्हणून थांबलो.

रविवार, ९ जून
पानाने तिला उत्तर दिले. अंत्यविधी मेलुकोट्याला उरकलेत, धावत येऊ नकोस. मग: कवायत नव्हती गं ती. मला कोणी कधी नाचू दिलं नाही, म्हणून जळलो.

हे मी कोणालाच लिहिलेले नाही. सगळी पत्रे पुन्हा चाळली. कुठेच नाही.

मनात होते.

मंगळवार, ११ जून
चैत्रा म्हणते, वारसाने हो म्हटल्याशिवाय पान हलत नाही. नियम तुमचाच, सर.

कार्यालयाच्या फोनवरून शरावतीला लावला. अप्पा बोलतोय म्हटले. ती म्हणाली, लाज नाही वाटत हो, मेलेल्या माणसाचा आवाज काढायला? अप्पांशी आत्ताच बोलले मी. असे फोन येतील, उचलू नकोस, असं सांगितलंय त्यांनी.

मी काही सांगितले नव्हते —

गुरुवार, १३ जून
शिवमोग्गा. सकाळ. तिच्या दारातल्या पायरीवर बसून लिहितोय.

खिडकी उघडी आहे. ती चित्रान्नाचा भात परतते आहे. फोन ओट्यावर उभा. त्याला विचारतेय, शेंगदाणे जास्त घालू ना, अप्पा? तो काहीतरी म्हणाला. माझाच आवाज — माझ्याहून मऊ. ती हसली. असे हसू मी तिला कधी —

बेलचे बटण गोल आहे. दोनदा बोट नेले, दोनदा मागे घेतले.

मरणाचे भय नाही, खरे सांगतो. भय एवढेच, की ती दार उघडेल, माझ्याकडे बघेल, मग ओट्याकडे, आणि दोघांतून एकाला —

पावले. दाराशी —