दोघांचा भात

प्रिय ताई,

प्रभूच्या दयेने इकडे मी बरी आहे. भावोजींचा खोकला थांबला का?

गुडघ्याची काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणाले, "बाई, आधी आठ किलो उतरवा, मग ऑपरेशन." गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून रोज खुर्चीतच बसून वजन उतरावं अशी प्रार्थना करते. पण हे गेले तरी हात दोघांचाच तांदूळ घेतो. प्रार्थना केलेलं अन्न टाकवत नाही, मग यांचं ताटही मीच संपवते.

काल एकटीपुरता भात केला. "आमेन" म्हणून डोळे उघडले, तर समोर यांचं ताट नाही. घास उतरेना गं.

सकाळी काट्यावर पाव किलो कमी भरलं. देवाने ऐकलं, आणि मी रडत बसले.

माझ्यासाठी प्रार्थना कर, पण आता वजनासाठी नको. एका ताटापुढे बसवेल एवढंच माग.

तुझी धाकटी