आईचा दम

पुणे, ४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

वाडीवर रेंज येत नाही तोवर पत्रच बरं. माउलीदादा दुधाचा टेम्पो घेऊन पुण्यात येतो, त्याच्याकडे देते. माझं नर्सिंगचं शिक्षण नीट चाललंय. मेसची आमटी पातळ असते, पण पोट भरतं.

सध्या आम्हाला हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार शिकवतायत. बाई फार सोपं करून सांगतात. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली की चढ चढताना छातीत आवळून येतं, बसलं की थांबतं. नळी पुरतीच बंद झाली तर झटका. खोलीतल्या सगळ्या मुलींच्या नाड्या माझ्या मोजून झाल्या. किमया, माझी लातूरची मैत्रीण, म्हणते की आता वॉर्डनबाईंची मांजर तेवढी राहिली.

पण वर्गात बसले की मला आबाच दिसतात. मी घरी होते तेव्हा ते छाती चोळत उंबऱ्यात बसले होते. जळजळतंय म्हणाले. तेव्हा मला काही कळत नव्हतं, आता कळायला लागलंय आणि झोप उडालीय. चढावर दुखतं का, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते का, घाम फुटतो का, एवढं नीट बघून लिही. ते स्वतः सांगणार नाहीत.

आबांना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
अपेक्षा

धनगरवाडा, ताम्हिणी
११ ऑगस्ट

चि. अपेक्षास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. आबांना वाचून दाखवलं तर म्हणत्यात, पोरगी शिकाया गेलीया का बापाला मारून टाकाया. काळजी करू नको. मी दोनचार दिस त्यांच्यावर नजर ठेवली. झणझणीत कालवण खाल्लं की जळजळ उठतीया, ढेकर आली की जातीया. शेळ्यांमागं पठारावर चढत्यात तवा काय बी दुखत न्हाई. हातात कळ न्हाई, घाम न्हाई.

उलट मीच मागं राहते. पहिली एका दमात वर जायची, आता झऱ्यापाशी बसावं लागतंय, मग पुन्हा आंब्यापाशी. हंडा डोईवर घेतला की ऊर फुटल्यावानी हुतंय. वय झालं म्हणायचं, दुसरं काय.

पाऊस लई हाय. सर्द हवेनं मला खोकला धरलाय. आडवी झाले की ठसका लागतोय, म्हणून वाकळांची चळत रचून टेकूनच निजते. पाय बी सुजल्यात. जोडवी रुतत हुती, काढून ठेवली. आबा म्हणत्यात, चिखलात उभी राहतीस म्हणून आसंल. परवा थुंकीत लाल दिसलं, पण ते पानाचं आसंल.

तर आबांचं बरं हाय. तू पोटभर जेव. आमची सय ठेव.

तुझी आई,
राजाबाई

पुणे, १४ ऑगस्ट

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी आबांबद्दल विचारलं आणि तू स्वतःचा आजार लिहून पाठवलास. तुला ते कळलंही नाही.

पत्र वाचलं आणि तशीच धावत गेले. बाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, आईला लहानपणी घसा धरून ताप यायचा का, सांधे सुजायचे का. गुडघे सुजून तू अंथरुणाला खिळली होतीस, असं आजी सांगायची, ते मला आठवलं. त्या तापानं हृदयाची झडप पुढे कडक होते, अरुंद होते. मग मागचं रक्त फुफ्फुसात तुंबतं. आडवं झाल्यावर दम लागतो तो त्यामुळे. बाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण थांबूही नका.

माउलीदादा तुला पुण्याला आणायला जीप घेऊन येतोय. हे पत्र त्याच्याच हाती देते, कारण तू नाही म्हणणार. गोजरामावशी दवाखान्यात गेली ती परत आली नाही, हे तू आम्हाला कितीदा सांगितलंस. पण तिलाही असाच दम लागायचा, तिचेही पाय सुजले होते, हेही तूच सांगितलंस. डोलीत घातली तेव्हाच तिचे ओठ निळे पडले होते. आई, तिला दवाखान्यानं नाही, उशिरानं नेलं.

मला भीती वाटते. नर्स होणाऱ्या मुलीनं असं लिहू नये, पण वाटते. रस्त्यापर्यंत चालू नकोस, आबांना उचलू दे. जीपमध्ये बसूनच ये, आडवी होऊ नकोस. मी इथे आमच्या दवाखान्याच्या दारात उभी असेन.

आजवर माझे सगळे हट्ट पुरवलेस, हाही पुरव.

तुझी,
अपेक्षा

धनगरवाडा, ताम्हिणी
२२ सप्टेंबर

चि. अपेक्षास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आमी सुखरूप घरी येऊन तीन आठवडे झाले. दवाखान्यात तू भेटायची, पण पोटातलं बोलता आलं न्हाई, म्हणून लिहिते.

माउली आला तवा मी चुलीमागं जाऊन बसले. येणार न्हाई म्हणाले. आबांनी तुझं पत्र मला मोठ्यानं वाचाया लावलं. गोजराचं नाव आलं तसा मी कागद मिटला. आबांनी मला पाठीवर घेतलं आन् चालाया लागलं. पायवाटंला पाणी वाहत हुतं. त्यांचे पाय लटपटलेले मला कळत हुते.

घाटात दरड आली हुती. जीप थांबली आन् माझा श्वास आत जाईना. तोंडाला गुलाबी फेस आला. माउली हाका मारत हुता, मला ऐकू येत हुतं, पण व्हय म्हणता येईना. वाटलं, गोजरा अशीच गेली आसंल. मग दोगांनी मला उतरवून दगडांवरनं पलीकडं नेलं. तितं एका भाजीवाल्यानं गाडीत घेतलं. पौडच्या दवाखान्यात नाकाला नळी लावली तवा कुटं जग दिसलं. म्होरचं तुला ठावं हाय.

डाक्टरांनी पडद्यावर झडप दाखवली. गुंडीच्या काजाएवढी फट राहिली हुती. मांडीच्या शिरेतनं फुगा घालून ती उघडत हुते तवा मी जागीच हुते. तू दाराबाहेर हायेस, एवढंच मनात धरून हुते. आबांच्या बी छातीला तारा लावून पट्टी काढली. त्यांचं हृदय चांगलं निघालं, पण तंबाखू सोडा म्हणाले तर रुसून बसल्यात.

तो लहानपणीचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पौडला सुई घ्यायची हाय; पहिली घेतली, चुकवणार न्हाई. झडप पुन्हा आवळू शकती, असं डाक्टर म्हणाले, ते भ्या मनात हायच. चढावर आपसूक थांबते, दम लागला न्हाई तरी.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा सपाट निजले. खोकला न्हाई, घरघर न्हाई. मला वाटलं, आबांना आज गाढ झोप लागंल. पर घर गप झालं तशी त्यांना धास्ती बसली. उठायचं, माझ्या नाकाखाली हात धरायचा, ऊन श्वास लागला की जाऊन निजायचं. आजून रोज तसंच करत्यात. मी जागी असले तरी डोळं मिटूनच राहते, आन् त्यांच्या हाताला लागंल असा श्वास जरा जोरात सोडते.

जिवाला जप. आमच्यावर जीव ठेव.

तुझी आई,
राजाबाई