फेरबदलाचा हार

हिमायतनगर, हैदराबाद
ता. २२ ऑक्टोबर १९५६

राजमान्य राजश्री एकनाथराव यांना, त्यांच्या भगिनीच्या यजमानांचा, म्हणजे हिम्मतरावाचा, आदरपूर्वक रामराम.

इकडे खुशाल आहे. आपला गुडघा आता मांडी घालू देतो का? पार्वतीवहिनींना नमस्कार. नांदेडात काय बोलतात कोण जाणे, इकडे मात्र दिवसभर एकच शब्द कानावर येतो: फेरबदल. येत्या एक तारखेला आपल्या हैदराबाद राज्याच्या तीन वाटण्या होणार, एवढं कळलं. पण या शब्दात नेमकं काय काय बसतं, याची मला भारी उत्सुकता लागली. दूधवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "क्या मालूम साब, आधे रतीब बंद हो जाते." आमच्या हेडक्लार्कनी तर विचारायच्या आधीच अर्थ करून दाखवला. टेबलं हलवली. मुंबई राज्यात जाणारे खिडकीशी, आंध्राचे दाराशी, म्हैसूरचे व्हरांड्यात. अकरा वर्षं मी आणि मल्लय्या एकाच दौतीत टाक बुडवत आलो. तो दाराशी गेला, दौतही गेली. खरं सांगतो, मला रडूच आलं.

मी अजून फॉर्म भरला नव्हता (कुठल्या राज्यात जायचं ते ज्याचं त्यानं शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचंय), म्हणून माझं टेबल शिपायानं तात्पुरतं व्हरांड्यात टाकलं. शनिवारी तिथं निरोपसमारंभ निघाला. गुलबर्ग्याकडची मंडळी ओळीनं बसलेली, मी आपला फाईल चाळतोय, तेवढ्यात साहेब हार घालत घालत आले आणि मलाही घातला. वर माझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोलले. (अकरा वर्षांत पहिल्यांदा!) आता साहेबांचा हात कसा अडवायचा? मी उठून, मला येणारं एकुलतं एक कानडी वाक्य म्हटलं. त्याचा अर्थ 'जेवण झालं का' असा होतो, हे नंतर कळलं.

हार घालूनच घरी आलो. सुशीलानं विचारलं, "नांदेड नक्की झालं?" दमलेला माणूस, सवयीनं "हौ" म्हणून गेलो. झालं! चहा व्हायच्या आत तिनं फळीवरचे डबे उतरवले, ट्रंका ओढल्या. तोंडी नांदेडशिवाय दुसरं काही नाही. तिचा तो उत्साह बघून खुलासा करायचा धीर होईना.

थोरांना नमस्कार, लहानांना ज्याच्या त्याच्या मानानं.

आपला,
हिम्मतराव

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. मला हैदराबाद सोडायचं नाही हो. तरी आपण सुशीलाला एक पत्र टाकावं: नांदेडात घर मिळत नाही, पाणी बाधतं, वगैरे. गुरुवारपर्यंत पोचावं. माझं नाव काढू नये.

आणखी ता. क. दादा, मी सुशीला. यांचं शिक्षण उर्दूत, मराठी अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता नेहमी मीच घालते. मग आतलं वाचल्याशिवाय राहीन का? अरे, मुलखाकडं जायची ओढ यांनाच आहे असं समजून मी शनिवारपासून तोंडावर हसू आणून हिंडतेय. मलाही नाही जायचं. तू पत्र टाक, पण ते गुरुवारच्या आधी पोचायला नको. तीन वर्षं माळा झाडलेला नाही, तो तेवढ्यात यांच्याकडून झाडून घेते.