दातांवरच्या रेघा

माय, तू जाऊन अकरा वर्षं झाली. मी अजून तेच काम करते. जुन्या काळच्या लेकरांची हाडं नि दात पाहून ती कधी आजारी पडली, कधी उपाशी राहिली, ते शोधायचं. तू शेजारणींना सांगायचीस, "मेलेल्या लेकरायची डाक्टरीन आहे माही पोरगी."

सावली गावाजवळ आमचं उत्खनन चाललं होतं. सातेक वर्षांच्या एका लेकराचा सांगाडा निघाला, त्याच दिवशी तू धानकापणीचा खाडा करून माझ्यासाठी डबा घेऊन आलीस. भात नि लाखोळीची भाजी. लुगड्याला धानाचं कुसळ चिकटलेलं. एका विद्यार्थिनीनं विचारलं, ह्या कोण? मी म्हटलं, आमच्या गावच्या बाई आहेत. तू ऐकलंस आणि डबा मोहाच्या झाडाखाली ठेवून दिलास.

मी विद्यार्थी मुलांना त्या लेकराच्या पुढच्या दातांवरच्या आडव्या रेघा दाखवते आहे. बालपणी मोठं दुखणं आलं किंवा पोटाला मिळालं नाही की दात घडता घडता अडतो, आणि ती खूण म्हातारपणापर्यंत राहते. मातीनं डागाळलेल्या दातावर मुलांना काही नीट दिसत नाही. मी तुझ्याकडे वळते. "बाई, जरा तोंड उघडता?" आयुष्यात पहिल्यांदा मी तुला अहो-जाहो केलं, आणि तू तोंड उघडलंस. सात-आठ डोकी तुझ्यावर वाकली. मी काडीनं रेघ दाखवली नि म्हटलं, ही पडली तेव्हा वय साधारण तीन असावं.

परतताना एसटीत मुलं आपल्या मागच्याच बाकांवर होती. तू हळूच म्हणालीस, "मी उपाशी होती, ते तुले दातावरून समजलं. मले काऊन नाई विचारलं?" आणि सांगायला लागलीस, त्या साली तुझ्या मायनं म्हणे... मी म्हटलं, मी दमले आहे, घरी बोलू. घरी तो विषय ना तू काढलास, ना मी. त्यानंतर मात्र हसताना तू पदर तोंडाशी धरायला लागलीस. दुसऱ्याच वर्षी तू गेलीस.

त्या लेकराच्या अहवालात मी लिहिलं, रेघांचं कारण सांगता येत नाही. ते खरंच होतं, त्याला विचारणार कोण? तुझ्या तिसऱ्या वर्षी काय झालं, ते मी मागाहून मावशीला विचारलं. ती म्हणाली, मी तवा झालीच नव्हती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते. त्या दिवशी एसटीत मी दमले नव्हते. मागची मुलं ऐकतील, एवढीच भीती होती.