बंद गाडीतला सम्यक

खडवली, १४ मे २०२४

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. रविवारी निघताना जावईबापू एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्या नव्या गाडीची काच फोडली, राग येणारच.

पण माझ्या डोळ्यांसमोरून ते जात नाही. जेवणं झाल्यावर आपण ओटीवर गप्पा मारत बसलो होतो. तुझा चार वर्षांचा सम्यक चावी घेऊन गाडीत कधी चढला, कुणालाच कळलं नाही. आत बटण दाबलं आणि सगळी दारं लॉक. आधी हसून आपल्याला टाटा करत होता. मी खुणेने बटण दाखवलं, त्याला खेळच वाटला. मग घामाने केस कपाळाला चिकटले, रडायला लागला आणि रडता रडता एकदम गप्प झाला. ते गप्प होणं मला बघवेना. जावईबापू म्हणत होते, थांबा, ठाण्याहून दुसरी चावी मागवतो. मी तुझ्या आईचा वरवंटा उचलला, ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली आणि त्याला बाहेर काढलं. वरवंट्याचाही टवका उडाला.

शेजारी म्हणतात, आप्पा, जरा धीर धरायचा होता. तुलाही तसंच वाटतं का गं? माया पातळ होऊ देऊ नका.

तुझे आप्पा

नौपाडा, ठाणे, १८ मे २०२४

ती. आप्पांना सादर जयभीम.

राग कसला आप्पा! राकेश घाबरला होता, म्हणून गप्प होता. दुसऱ्या दिवशी सम्यकला डॉक्टरांकडे नेलं. आता ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, उन्हातली बंद गाडी बघता बघता भट्टीसारखी तापते, लहान मुलांना ते सोसत नाही. चावीची वाट बघत बसला असतात तर, असं म्हणून ते थांबले.

आता चावी उंच खिळ्यावर असते आणि गाडी दारात उभी असली तरी लॉक. आईला सांगा, नवा वरवंटा आणते. तिचं वाटण अडायला नको. खाली राकेशला दोन ओळी लिहायच्या आहेत.

तुमची वैशाली

आप्पा, जयभीम. तुम्ही काच फोडलीत तेव्हा मी ओरडलो, ते गाडीसाठी. मुलगा आत असताना मला गाडी दिसत होती. ते तोंडाने सांगायला जमलं नाही, म्हणून गप्प राहिलो. पुढच्या रविवारी येतो. तुमच्या पाया पडायचं आहे.

राकेश