छत्रीखालचं बेस स्टेशन

आबा, तीन आठवडे मी तुमच्या जागा शोधत हिंडले आणि आज खरंच वैताग आला आहे. माणसानं उन्हातान्हात एवढं काम करावं आणि ते नेमकं कुठं केलं याची धड खूणसुद्धा मागं राहू नये? हिमायतनगरच्या शाळेच्या गच्चीत ठोकलेला पितळी खिळा डांबराखाली गेला. नारायणगुड्याच्या इमारतीवर खिळ्याच्या जागी पाण्याची टाकी बसली आहे. तिथला वॉचमन आधी कागद मागतो आणि कागद नेला की चावी सेक्रेटरीकडं असते. सेक्रेटरी मला विचारतात, ‘बेस स्टेशन म्हणजे टॉवर का? भाडं किती देणार?’ त्यांना समजावून समजावून घसा सुकला. तुम्हालाही तेव्हा कुणी नीट समजावलं नव्हतं, हे मला आता कळतं आहे.

म्हणून आधी तुम्हालाच सांगते. जागा पक्की ठाऊक असलेल्या खिळ्यावर एक जीपीएस यंत्र दिवसभर हलू न देता ठेवायचं, हेच बेस स्टेशन. दुसरं यंत्र घेऊन माणसं गल्लीबोळांतून हिंडणार. खिळ्यावरचं यंत्र ज्या क्षणी जेवढं चुकतं, तेवढीच चूक हिंडत्या यंत्राच्या मोजणीतून वजा करायची. पण खिळ्यावरचंच यंत्र स्वतःच्या वेगळ्या कारणानं बिघडलं, तर त्याची चूक सगळ्या शहराच्या माथी बसते. तशीच ती बसली आहे. आमच्या कंपनीकडं तुमच्या वेळची पाण्याच्या लाइनची मोजणी कॉम्प्युटरवर चढवायचं काम आलं, आणि नकाशात पाण्याची लाइन लोकांच्या स्वयंपाकघरांतून जायला लागली. सकाळची मोजणी चोख, अकरा ते चार सगळी वेडीवाकडी. तीही फक्त उन्हाळ्यातल्या, यंत्र चिक्कडपल्लीला होतं त्याच दिवसांची. सरांना वाटलं खिळा हलला असणार. जा, सगळे खिळे शोधून ये.

खिळा हलला नव्हता. चिक्कडपल्लीच्या त्या घराच्या गच्चीत तो जिथल्या तिथं आहे, कुणाच्या तरी मिरच्या वाळत होत्या त्यांच्या शेजारी. म्हाताऱ्या मालकीणबाई माझ्यामागून जिना चढून आल्या. लहानपणी सुटीत मी तुमच्याबरोबर इथं यायचे, पण मला त्यांनी ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही. म्हणाल्या, “वो छत्रीवाला? खुद धूप में बैठता था, मशीन कू छाँव में रखता था. हम लोगां बोलते थे, ये मशीन नईं, इसकी दुल्हन है. अब इत्ते साल बाद तेरेकू क्या होना, अम्मा?”

मी तिथंच कठड्याला टेकले. छत्री. मोठी, काळी, लोखंडी काड्यांची, सरकारी छत्री. उन्हाळ्यात तुम्ही अकरा वाजले की ती यंत्रावर उघडायचात आणि चारला मिटायचात, एखाद्या नेमासारखं. थिओडोलाइटवर, म्हणजे कोन मोजायच्या जुन्या दुर्बिणीवर, मोजणी खात्यातले यंत्र वाहणारे, राखणारे खलाशी म्हणून तुम्ही अठरा वर्षं तशीच धरली होती, कारण त्याला ऊन लागलं की त्यातल्या पाणसळीचा बुडबुडा सरकतो आणि मोजणी चुकते. पण आबा, या यंत्राला ऊन चालतं. त्याला फक्त आकाश दिसावं लागतं. वरून येणारे सिग्नल तुमच्या त्या लोखंडी काड्यांत अडखळत होते. एकदा पाणी प्यायला उठताना माझ्या धक्क्यानं छत्री कलंडली, तर तुम्ही माझ्यावर केवढे ओरडला होतात. “यंत्र तापलं की खोटं बोलतं,” तुम्ही म्हणता, आणि छत्री पुन्हा सरळ करता, आणि सावलीत यंत्र आणि मी, आणि तुम्ही बाहेर टॉवेल डोक्यावर घेऊन बसता. असा माणूस यंत्राचा घात करत होता. हे मी कुणाला सांगू?

सरांना सांगितलं. छत्रीवाला माझा बाप होता, एवढं सोडून. सर पुण्याचे आहेत, वाईट नाहीत, त्यांना फक्त काम संपवायची घाई असते. म्हणाले, “अगं, मग झालं की. ‘खलाशाचा निष्काळजीपणा’ असं लिही आणि सही कर. तो काय उठून भांडायला येणार आहे?”

निष्काळजीपणा. तुमचा! मी काल दिवसभर त्या एका शब्दापाशी अडून बसले. जुन्या फायली काढल्या. रोजच्या नोंदीच्या तक्त्यावर वेळ, बॅटरी, उंची, आणि खाली इंग्रजीत छापलेला प्रश्न: वरचं आकाश मोकळं आहे का? त्यापुढं उन्हाळ्याच्या सुटीतल्या प्रत्येक दिवशी गोल, टपोऱ्या अक्षरांत ‘येस’. ते अक्षर माझं आहे. तुम्हाला अंगठ्यापलीकडं काही येत नव्हतं. आपल्या घरात पहिली शिकलेली मी, म्हणून तुम्ही गच्चीत मांडी घालून तक्ता माझ्यापुढं सरकवायचात आणि खाली वाकून बघत राहायचात, मी लिहिते कशी ते.

आज सकाळी अहवाल दिला. निष्काळजीपणा हा शब्द लिहिला नाही. लिहिलं, की खलाशाला नव्या यंत्राचं शिक्षण दिलं नव्हतं, सूचना इंग्रजीत होत्या, त्याला वाचता येत नव्हतं, आणि तक्ता त्याची दहा वर्षांची मुलगी भरत असे, तिला प्रश्नाचा अर्थ कळला नसावा. ती मुलगी म्हणजे मी, हेही सांगितलं. सरांनी कागद वाचला. मग म्हणाले, “एवढं लिहायची गरज नव्हती,” आणि सही केली.

गरज होती. पण त्यात एक वाक्य खोटं आहे. मला प्रश्नाचा अर्थ कळला होता, आबा. पहिल्याच दिवशी कळला होता. मी वर छत्रीकडं पाहिलंही होतं. पण ‘नो’ लिहिलं असतं तर छत्री मिटावी लागली असती, आणि मग तुम्ही मला त्या उन्हात बसू दिलं नसतं, घरी पाठवलं असतं. म्हणून मी ‘येस’ लिहिलं, रोज. हे पत्र कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. पाठवलं असतं तरी तुम्हाला ते मीच वाचून दाखवलं असतं, आणि वाचताना एवढा भाग गाळला असता.